दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई : एका खटल्यातील शिक्षणाचा प्रश्न

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात जे सामाजिक वाद झाले, त्यांत दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या खटल्याचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. इ. स. १८८४ मध्ये दाखल झालेला हा दावा १८८८ च्या जुलै महिन्यात तडजोडीने संपला. मधल्या चार वर्षांत त्याने मुंबई उच्च न्यायालयाला तीन वेळा निवाडा देण्यास भाग पाडले, इलाख्यातील वृत्तपत्रांत तट पाडले आणि इंग्लंडमधील वाचकांपर्यंत हिंदू बालविवाहाचा प्रश्न नेऊन पोहोचविला. या खटल्याचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी हिंदू विवाहाला इंग्रजी न्यायपद्धती कितपत लागू करावी या दृष्टीने त्याकडे पाहिले. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची पूर्वपीठिका म्हणून त्याची नोंद घेतली. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु ज्या तरुणीवर हा दावा झाला तिने स्वतःच्या लेखणीने मांडलेला मुद्दा या दोहोंपेक्षा निराळा होता. आपले शिक्षण तुटले, ही तिची पहिली तक्रार होती. ही तक्रार न्यायालयाच्या कामकाजात का उमटली नाही आणि न उमटल्यामुळे काय घडले, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

२

मुलींच्या शिक्षणाची बाजू मुलींनी व स्त्रियांनीच मांडावी, ही गोष्ट १८८५ साली महाराष्ट्राला अगदी अपरिचित नव्हती. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा सावित्रीबाईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली निघाले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची निकड प्रतिपादन केली. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले ते १८८४ मध्ये. पुढे तेच हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे रखमाबाईंवर दावा दाखल झाला त्याच वर्षी मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची ही संस्था उभी राहिली होती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग व आई जयंतीबाई ही सुतार समाजातील. रखमाबाई अगदी लहान असतानाच वडील वारले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहास रूढीची मान्यता होती. त्यानुसार जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. मात्र त्यापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ असून १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते. घरात ग्रंथ होते, सुधारकांची ये-जा होती. तरीही याच घरातील मुलीचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या सुमारे एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आला. सुधारणेचे विचार आणि जातीची रूढी ही दोन्ही एकाच उंबरठ्याच्या आत नांदत होती, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

विवाहानंतर रखमाबाई आईच्या व सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या. पतिपत्नींचा सहवास झाला नाही. शाळा मात्र सुटली. पुढील शिक्षण त्यांनी घरीच, फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधारे केले. दादाजीने अभ्यास करून पायावर उभे राहावे, अशी सासरकडील मंडळींची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही, असे रखमाबाईंच्या पक्षाचे म्हणणे होते. मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलांमार्फत सखाराम अर्जुन यांना पत्र पाठवून पत्नीला आपल्या घरी पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला आणि दादाजीने वैवाहिक हक्कांच्या पुनःप्रस्थापनेचा दावा दाखल केला. दावा सुनावणीस येण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन निवर्तले. यानंतर रखमाबाईंना जे काही करावयाचे होते, ते सावत्र वडिलांच्या आधारावाचून करावयाचे होते.

३

या सुमारास रखमाबाईंची बाजू दोन ठिकाणी लेखनिविष्ट झाली. ही दोन्ही लिखाणे शेजारी ठेवून पाहिली असता खटल्याचे खरे स्वरूप उलगडते.

पहिले लिखाण न्यायालयातील कैफियतीचे. तीत पतीकडे न जाण्याची कारणे मुख्यतः तीन दिली होती : स्वतःचा व पत्नीचा निर्वाह करण्यास आणि योग्य निवासाची सोय करण्यास दादाजी असमर्थ आहे, त्याची प्रकृती दम्याच्या व क्षयसदृश विकाराने पोखरलेली आहे, आणि ज्या नातलगाच्या आश्रयाने तो राहतो त्याचे वर्तन पाहता त्या घरी राहणे उचित नाही. दाव्याला उत्तर द्यावयाचे तर कायद्याला परिचित असलेल्या कारणांच्या भाषेतच ते द्यावे लागते. निर्वाह, प्रकृती व वर्तन ही कारणे न्यायालयाला समजू शकत होती. अकराव्या वर्षी थांबलेली शाळा हे कारण कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नव्हते. त्यामुळे कैफियतीत शिक्षणाला स्थान मिळाले नाही.

दुसरे लिखाण वृत्तपत्रातील. 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त दोन पत्रे लिहिली. बालविवाहावरील पहिले पत्र २६ जून १८८५ रोजी आणि सक्तीच्या वैधव्यावरील दुसरे १९ सप्टेंबर १८८५ रोजी, म्हणजे पहिल्या निवाड्याच्या केवळ दोन दिवस आधी प्रसिद्ध झाले. याच दोन विषयांवर बेहरामजी मलबारी यांनी ऑगस्ट १८८४ मध्ये आपली प्रसिद्ध टिपणे काढून देशभर चर्चा घडवून आणली होती. विवाहित विद्यार्थ्यांना विश्वविद्यालयांनी प्रवेश देऊ नये, अशीही एक सूचना त्या चर्चेत होती. रखमाबाईंची पत्रे या चर्चेचा भाग असली तरी तिचा प्रतिध्वनी नव्हती. चर्चा करणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांच्या दृष्टीने बालविवाहाचे दुष्परिणाम म्हणजे दुर्बल संतती, दारिद्र्य व तरुणांच्या अभ्यासात येणारा अडथळा. रखमाबाईंनी तोलाचे पारडे फिरविले. विवाह झाला तरी मुलाचे शिकणे थांबत नाही, मुलीचे मात्र तेथेच संपते, हा त्यांच्या पहिल्या पत्राचा गाभा होता. अध्ययन व मनाची मशागत या गोष्टी त्यांना सर्वांत प्रिय होत्या आणि बालविवाह नेमका त्यांच्याच आड आला, असे त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा दाखला देऊन सांगितले. शिकू पाहणाऱ्या मुलीकडे घरादारात संशयाने पाहिले जाते, हेही त्यांनी नोंदविले.

कैफियत व पत्रे यांतील हे अंतर केवळ प्रसंगानुसार आलेले नाही. कैफियतीचा प्रश्न असा होता की, हा विशिष्ट पती नांदण्यास योग्य आहे की नाही. पत्रांचा प्रश्न असा होता की, मुलीचे जीवन कशासाठी आहे हे ती अजाण असताना इतरांनी ठरवावे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दादाजीच्या गुणदोषांवर अवलंबून होते, दुसऱ्याचे नव्हते. दादाजी सधन व निरोगी असता तरीही दुसरा प्रश्न शिल्लकच राहिला असता.

४

खटला प्रथम न्या. रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यापुढे चालला. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी दिलेल्या निवाड्यात पिन्ही यांनी दावा फेटाळला. जेथे सहवास कधी झालाच नाही तेथे त्याची 'पुनः'-प्रस्थापना कसली, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. असे दावे मूळच्या हिंदू कायद्यातले नसून इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेले आहेत, हा दुसरा. ज्या स्त्रीचा विवाह अजाण वयात, तिच्या संमतीवाचून लावला गेला, तिला इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. इंग्लंडमध्ये अशा हुकुमाची अवज्ञा करणाऱ्यास कैद करण्याची तरतूद १८८४ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली होती. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी व्यवहार संहितेतील २६० व्या कलमान्वये ती कायम होती. जी शिक्षा मूळ देशात उरली नव्हती, ती येथे एका हिंदू तरुणीवर लादली जाण्याचा संभव होता.

दादाजीच्या अपिलाचा निर्णय मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी दिला. असे दावे हिंदुस्थानातील न्यायालयांत चालत आले आहेत आणि हिंदू कायद्याने विवाहासाठी वधूच्या संमतीची आवश्यकता मानलेली नाही, या भूमिकेवरून त्यांनी पिन्ही यांचा निवाडा फिरविला व खटला फेरसुनावणीसाठी परत पाठविला. पहिला निवाडा 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेतील नवव्या आणि अपिलाचा निवाडा दहाव्या खंडात छापलेला आहे. दोन्ही निवाडे संमतीच्या प्रश्नाभोवती फिरतात. एकाने संमतीचा अभाव निर्णायक मानला, दुसऱ्याने तो गैरलागू ठरविला. पत्रांतील शिक्षणाच्या प्रश्नाची दखल घेण्यास यांपैकी कोणत्याही चौकटीत वाव नव्हता.

४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी आदेश दिला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे. न गेल्यास त्या सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र होतील. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. त्यांचे वय त्या वेळी बावीस वर्षांचे होते. या आदेशापूर्वी सहाच दिवस, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात मरण पावल्या होत्या. आनंदीबाई रखमाबाईंपेक्षा काही महिन्यांनीच लहान. त्यांचाही विवाह बालपणीच झाला होता. परंतु पतीच्या आग्रहाने त्या शिकल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या. एकीचे शिक्षण पतीच्या इच्छेने घडले, दुसरीला ते पतीच्या हक्काविरुद्ध मिळवावे लागत होते. दोन्ही ठिकाणी मुलीच्या शिक्षणाची किल्ली तिच्या स्वतःच्या हाती नव्हती. रखमाबाईंच्या नकाराचे ऐतिहासिक वेगळेपण येथे आहे : ती किल्ली आपल्या हाती असावी, हा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी तुरुंगाची किंमत मोजण्याची तयारी ठेवली.

५

न्यायालयाने न चर्चिलेला शिक्षणाचा प्रश्न वृत्तपत्रांनी मात्र उचलला. पण उलट्या बाजूने. पिन्ही यांच्या निवाड्यावर 'नेटिव्ह ओपिनियन' व 'मराठा' या पत्रांतून कडक टीका झाली. परकीय न्यायाधीशाने हिंदू विवाहाच्या पावित्र्यावर आघात केला, हा एक आक्षेप. आणि मुलींना इंग्रजी पद्धतीचे शिक्षण दिले की त्या पतीला नाकारू लागतात, हा दुसरा. टिळकांनी पुरस्कारिलेल्या मतप्रवाहात पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलातील अभ्यासक्रमावर व वेळापत्रकावर १८८७ मध्ये हल्ला चढविला गेला. मुलींचे शिक्षण गृहकृत्यांना पोषक व त्यांच्या सोयीचे असावे, असा त्या टीकेचा रोख होता. रखमाबाई हे नाव त्या वादात इशाऱ्यासारखे वापरले गेले.

या आक्षेपातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या शिक्षणाने रखमाबाई बिघडल्या असे सांगितले गेले, ते शिक्षण त्यांना शाळेत मिळालेच नव्हते. अकराव्या वर्षानंतर त्या शाळेत गेल्या नव्हत्या. शाळेने मुलीला बंडखोर केले, असे विरोधक म्हणत होते. शाळा हिरावून घेतली म्हणून मुलगी बोलू लागली, असे वस्तुस्थिती सांगत होती.

रखमाबाईंचे पाठीराखेही एका अर्थाने या प्रश्नापासून दूरच राहिले. त्यांच्या साहाय्यार्थ समिती स्थापन झाली, निधी जमला, इंग्लंडमध्ये लेख आले. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याचा उल्लेख करून स्त्रीच्या असहायतेकडे लक्ष वेधले. परंतु बहुतेक सुधारकांचा भर कायदा बदलण्यावर व सरकारचे धोरण ठरविण्यावर होता. खुद्द 'केसरी' व 'मराठा' यांच्या चालकांतही सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून मतभेद विकोपास गेले. आगरकर ऑक्टोबर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढील वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. एका तरुणीच्या नकाराचे पडसाद इतके दूरवर उमटले. पण तिला पुढे काय शिकावयाचे आहे, हा प्रश्न या गदारोळात फार थोड्यांनी विचारला. विचारणाऱ्यांत डॉ. एडिथ पेची या अग्रभागी होत्या. ब्रिटनमध्ये स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडावीत म्हणून लढलेल्या तुकडीतील या विदुषी कामा रुग्णालयाच्या कामासाठी मुंबईस आल्या होत्या.

६

जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये स्वीकारून हुकुमाची बजावणी करण्याचा हक्क सोडला. राणी व्हिक्टोरियाने स्वतः हस्तक्षेप करून हा विवाह रद्द केला, अशी एक कथा चरित्रपर लेखनात रूढ झाली आहे. खटल्याची हकीकत तिला दुजोरा देत नाही. विवाह रद्द झाला नाही आणि तत्त्वाचा निर्णयही लागला नाही. न्या. फॅरन यांचा हुकूम कागदावर कायमच राहिला. त्याची अंमलबजावणी तेवढी पैशाने थांबली. येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आईने नावे करून दिलेली मालमत्ता, वकिलांची मदत व प्रतिष्ठितांचा पाठिंबा रखमाबाईंना लाभला होता. ज्या असंख्य मुलींना यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्यासाठी कायदा होता तसाच राहिला.

१८८९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. १८९४ मध्ये वैद्यकाची पात्रता मिळवून त्या परत आल्या आणि प्रथम सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यानंतर त्यांनी वैधव्याचे पांढरे वस्त्र स्वीकारले. या कृतीत काहींना विसंगती वाटेल. परंतु आपला विवाह घडलाच नाही असे भासविणे, हा रखमाबाईंचा पवित्रा खटल्यातही नव्हता. संमतीवाचून घडलेल्या गोष्टीने आपल्या उरलेल्या आयुष्याचा कबजा घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदापद्धतीच्या निर्मूलनाची आवश्यकता प्रतिपादणारी पुस्तिका लिहिली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी टोपणनावाने लिहिणारी लेखणी थांबली नव्हती.

कायद्याची गती मात्र फार मंद राहिली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर आणले. वैवाहिक हक्कांच्या दाव्याला त्याने स्पर्श केला नाही. अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दल कैदेची शिक्षा १९२३ मध्ये दिवाणी व्यवहार संहितेतून वगळण्यात आली. मालमत्तेच्या जप्तीची तरतूद राहिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नवव्या कलमात हा दावा पुन्हा ग्रथित केला. तो कायदा त्या वर्षीच्या मे महिन्यात अमलात आला आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रखमाबाईंचे निधन झाले. ज्या दाव्याने त्यांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेले होते, तो त्यांच्या हयातीत संपला नाही. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले; पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले.

खटल्याचे मोजमाप केवळ निवाड्यांवरून केले तर रखमाबाई हरल्या, असेच म्हणावे लागेल. त्यांना अनुकूल असलेला एकमेव निवाडा सहा महिने टिकला. परंतु न्यायालयापुढे जो प्रश्न आलाच नाही, त्याचा निकाल त्यांनी न्यायालयाबाहेर लावून घेतला. अकराव्या वर्षी थांबलेले शिक्षण त्यांनी चोविसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतले आणि तडीस नेले. सुरत व राजकोट येथील रुग्णालयांत ज्या स्त्रिया उपचारासाठी आल्या, त्यांतील पुष्कळजणींना दादाजी भिकाजी हे नावही ठाऊक नसेल. त्यांच्यापुढे एक स्त्री-वैद्य उभी होती. १८८५ च्या जूनमध्ये 'एक हिंदू स्त्री'ने मुलीच्या शिक्षणाची जी बाजू मांडली होती, तिचा याहून ठोस पुरावा दुसरा नाही.